आरशातला नवा चेहरा : जबड्याची शस्त्रक्रिया आणि आपली घरे

मुलीचे शिक्षण संपत आले की घरात हळूहळू बायोडेटाची तयारी सुरू होते. कुंडली निघते, मामा-मावशींचे गोत्र तपासले जाते आणि एका रविवारी मुलीला छायाचित्रासाठी स्टुडिओत नेले जाते. छायाचित्रकार दोनदा सांगतो, "ताई, तोंड मिटून हसा." तिसऱ्यांदा तो काही बोलत नाही, फक्त कॅमेऱ्याची बाजू बदलतो. ज्या मुलीचा खालचा जबडा पुढे आलेला आहे, किंवा हसताना जिच्या हिरड्या फार दिसतात, तिला त्या न बोललेल्या वाक्याचा अर्थ कळतो. तो तिला शाळेपासून कळत आलेला असतो.

भिवंडीतील आपल्या घरांमध्ये ही गोष्ट मोकळेपणाने बोलली जात नाही. सूत, ग्रे कापड, गाळे, गोदामे यांच्या व्यवहारात आपण बारीकसारीक दोष लगेच ओळखतो आणि बोलून दाखवतो. पण घरातल्या लेकराच्या चेहऱ्याविषयी बोलताना मात्र एक तर थट्टा होते, नाही तर मौन पाळले जाते. अलीकडे या मौनात एक नवा शब्द शिरला आहे : 'जॉ सर्जरी'. कोणाच्या तरी नात्यात कोणी तरी ती करून घेतलेली असते, 'चेहराच बदलला' असे कानावर येते आणि मग आई-वडिलांच्या मनात आशा आणि भीती दोन्ही एकदम जाग्या होतात. ही शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय, तिने चेहरा किती आणि कसा बदलतो आणि तो निर्णय कोणी, कशासाठी घ्यावा, याचा शांतपणे विचार करण्यासाठी हा लेख.

दोष दातांचा की हाडांचा?

पुष्कळ घरांत पहिली गफलत येथेच होते. दात वाकडे असणे वेगळे आणि ज्या हाडांत ते दात रुजलेले आहेत, ती हाडेच कमी-अधिक वाढलेली असणे वेगळे. केवळ दात वाकडे असतील तर तारा लावून ते सरळ होतात. परंतु वरचा आणि खालचा जबडा यांची वाढ एकमेकांशी जुळलेली नसेल, तर केवळ तारांनी काम भागत नाही. मागावर ताणाच तिरका बसला असेल तर विणलेल्या कापडाला कितीही इस्त्री केली तरी काठ सरळ येत नाही, हे भिवंडीकरांना वेगळे सांगायला नको.

अशा विजोडपणाचे काही ठळक प्रकार आहेत. खालचा जबडा अधिक वाढून हनुवटी पुढे येते आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढे बसतात. किंवा खालचा जबडा कमी वाढतो, हनुवटी मागे राहते आणि वरचे दात पुढे आल्यासारखे वाटतात. काहींचा वरचा जबडा उभा अधिक वाढलेला असतो. त्यामुळे चेहरा लांबट दिसतो, ओठ सहज मिटत नाहीत आणि हसताना हिरड्या दिसतात. काहींचे मागचे दात टेकतात पण पुढचे दात एकमेकांना भिडतच नाहीत. पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही. आणि काहींच्या जबड्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वाढते, त्यामुळे हनुवटी एका बाजूला सरकते.

कारणे बहुधा आनुवंशिक असतात. युरोपातील हॅब्सबर्ग राजघराण्याचा पुढे आलेला खालचा जबडा इतिहासात प्रसिद्ध आहे. पिढ्यान्पिढ्या राजांच्या तैलचित्रांत तो दिसतो. आपापसांतच विवाह करण्याच्या त्या घराण्याच्या प्रथेमुळे तो अधिक ठळक होत गेला. त्याच घराण्यातील स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (1661–1700) याला अन्न नीट चावताही येत नसे, असे वर्णन आढळते. आपल्याकडे मात्र आणखी एक कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. लहानपणी हनुवटीवर पडून कानाजवळचा जबड्याचा सांधा दुखावला आणि त्याकडे दुर्लक्ष झाले, तर तो सांधा हाडाने जखडू शकतो. मग तोंड उघडत नाही, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागेच राहते आणि श्वासमार्ग अरुंद होऊन झोपेत मोठ्याने घोरणे सुरू होते. जिन्यावरून पडलेल्या मुलाच्या हनुवटीची जखम भरली म्हणून निश्चिंत होऊ नये. पुढच्या काही महिन्यांत त्याचे तोंड पूर्वीइतके उघडते आहे ना, हे पाहावे.

म्हणजेच हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. चावणे, उच्चार, तोंडाने श्वास घेण्याची सवय, झोपेत श्वास अडखळणे, सांध्याचे दुखणे, एकाच ठिकाणी भार पडून दात झिजणे, हे सारे त्यात येते. वैद्यकात या उपचाराला 'ऑर्थोग्नॅथिक सर्जरी' म्हणतात. ग्रीक भाषेतील त्या शब्दाचा अर्थच 'सरळ जबडा' असा आहे.

आधी तारा, मग शस्त्रक्रिया

ही शस्त्रक्रिया एका दिवसाची असली तरी उपचार साधारण दोन-अडीच वर्षांचा असतो. पहिले काम ऑर्थोडॉन्टिस्टचे, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या तज्ज्ञाचे. तो साधारण वर्ष-दीड वर्ष तारा लावून दात आपापल्या हाडात योग्य जागी आणतो. येथे घरच्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. निसर्गाने दातांना झुकवून हाडांचा दोष थोडाफार झाकलेला असतो. तारा ते झाकण काढून घेतात, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. या काळात मुलीला सर्वाधिक टोमणे ऐकावे लागतात. तारा लावूनही काहीच फरक नाही, असे येणारे-जाणारे म्हणतात. ही उपचारातील ठरलेली पायरी आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असेल तर तो काळ सुसह्य होतो.

दुसरे काम मॅक्सिलोफेशियल सर्जनचे. पूर्ण भूल देऊन, बहुतेक सर्व छेद तोंडाच्या आतून घेऊन जबड्याचे हाड ठरलेल्या रेषेत कापले जाते, सरकवले जाते आणि टायटॅनियमच्या लहान पट्ट्या व स्क्रू यांनी नव्या जागी बसवले जाते. छेद आतून असल्यामुळे चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. वरच्या जबड्याच्या छेदाला 'ले फोर्ट–1' म्हणतात. रेने ले फोर्ट या फ्रेंच शल्यचिकित्सकाने 1901 मध्ये वरच्या जबड्याची हाडे कोणत्या रेषांवर मोडतात याचा अभ्यास मांडला, त्यावरून हे नाव आले. खालच्या जबड्यासाठी हाड उभे चिरून त्याचे दोन थर एकमेकांवरून सरकवण्याची पद्धत ह्यूगो ओब्वेगेसर यांनी 1950 च्या दशकात पुढे आणली. 1957 मध्ये ती इंग्रजीतून प्रसिद्ध झाली आणि जगभर पसरली. त्याच्या शंभर वर्षे आधी, 1849 मध्ये, अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी बालपणी भाजल्यामुळे जबडा विद्रूप झालेल्या एका तरुणीवर खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया केली होती. ही या शास्त्राची सुरुवात मानली जाते. म्हणजे ही काही आजची फॅशन नव्हे.

वयाविषयी स्पष्ट नियम आहे : हाडांची वाढ थांबल्याशिवाय ही शस्त्रक्रिया साधारणपणे करीत नाहीत. मुलींमध्ये सोळा-सतरा आणि मुलांमध्ये अठरा वर्षांपूर्वी सहसा घाई करीत नाहीत. खालचा जबडा पुढे येणाऱ्या मुलांत तर वाढ विशीपर्यंतही चालू राहू शकते. काही महिन्यांच्या अंतराने काढलेले एक्स-रे एकमेकांशी ताडून वाढ थांबली की नाही हे ठरवतात. वाढ चालू असताना शस्त्रक्रिया केली तर जबडा पुन्हा बिघडू शकतो. जखडलेला सांधा किंवा श्वासाचा गंभीर त्रास असेल तर मात्र लहान वयातही उपचार करावे लागतात.

चेहऱ्यात काय बदलते?

हाड हा चेहऱ्याचा सांगाडा. त्वचा, ओठ, गाल त्याच्यावर टेकलेले. म्हणून हाड सरकले की वरचे मऊ आवरणही सरकते, पण सगळीकडे सारखे नाही. खालचा जबडा पुढे आणला तर हनुवटीची त्वचा जवळजवळ हाडाइतकीच पुढे येते, खालचा ओठ त्याहून कमी. हनुवटीखालची सैल वाटणारी रेषा घट्ट होते आणि मान लांब वाटू लागते. उलट, खालचा जबडा मागे नेला तर बाजूने दिसणारा चेहरा सौम्य होतो, पण मानेची रेषा थोडी भरते. शिवाय जिभेमागची श्वासाची जागा कमी होण्याचा संभव असतो. म्हणून आज अनेक शल्यचिकित्सक सगळा बदल खालच्या जबड्यातच न करता काही भाग वरचा जबडा पुढे आणून साधतात.

वरचा जबडा पुढे आणला की नाकाच्या बाजूचा खोलगट भाग भरतो, वरच्या ओठाला आधार मिळतो, नाकाचे टोक किंचित वर उचलले जाते आणि नाकपुड्यांची रुंदी थोडी वाढते. ही रुंदी फार वाढू नये म्हणून शस्त्रक्रियेच्या शेवटी आतून विशेष टाका घालतात. वरचा जबडा वर सरकवला तर हिरड्या दिसणे कमी होते, चेहऱ्याची लांबी घटते, ओठ सहज मिटू लागतात आणि खालचा जबडा आपोआप थोडा वर-पुढे फिरून हनुवटीही उठून दिसते. गरज असल्यास हनुवटीचे हाड वेगळे कापून मध्यरेषेवर आणतात.

बदलत नाही ते कपाळ, डोळे, भुवया, त्वचेचा पोत आणि रंग. ओळखीचा माणूस ओळखीचाच राहतो. तरीही काही मिलिमीटरचा बदल आश्चर्यकारक वाटतो, कारण आपण चेहरा सुट्या भागांनी पाहत नाही, प्रमाणाने पाहतो.

हा बदल लगेच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वाधिक असते. चेहरा गोल, ताणलेला, कधी निळसर दिसतो. तीन-चार आठवड्यांत बरीच सूज ओसरते, पण अखेरचा, खरा आकार दिसायला सहा महिने ते वर्ष लागते. या पहिल्या आठवड्यांत अनेकांना उदास वाटते. बोलता येत नाही, खाता येत नाही आणि आरशात कोणी तिऱ्हाईत उभे असते. ज्या चेहऱ्याचा आयुष्यभर कंटाळा केला, तोच हरवल्याची हुरहुर वाटते. ती कृतघ्नता नव्हे. मनालाही नव्या चेहऱ्याची ओळख व्हावी लागते. अशा वेळी घरच्यांनी 'एवढा खर्च केला, आता रडतेस काय?' असे म्हणू नये. भेटायला येणाऱ्यांची गर्दी पहिले दोन आठवडे टाळावी.

धोकेही सांगितले पाहिजेत. खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी शिरा जबड्याच्या हाडातूनच जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर तेथे बधिरपणा येणे अगदी सामान्य आहे. बहुतेकांत तो काही महिन्यांत कमी होतो; काहींमध्ये थोडा कायम राहतो. ओठ हलतात, हसता येते, पण ओठावर ताकाचा थेंब राहिला तर कळत नाही. याशिवाय रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जबडा अंशतः मूळ जागेकडे सरकणे, क्वचित पट्ट्या काढाव्या लागणे, हे संभवते. संगणकावर दाखवलेले 'नंतरचे' चित्र हा अंदाज असतो, वचननामा नव्हे.

मुगाचे पाणी, चौविहार आणि पच्चक्खाण

हाड पक्के सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत चावणे वर्ज्य. पहिले काही दिवस केवळ पातळ आहार, नंतर दाट पेय, मग मऊ भात-खिचडी, असा क्रम असतो. वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले असू शकतात. या काळात वजन चटकन घटते आणि हाड भरायला तर प्रथिने हवीत. आपल्या स्वयंपाकघरात याची सोय पूर्वापार आहे : मुगाचे पाणी, तुरीच्या डाळीचे गाळलेले वरण, तांदळाची पेज, दुधी किंवा लाल भोपळ्याचे सूप, ताक, बदामाचे दूध, साजूक तूप, नारळपाणी. बटाटा, गाजर, कांदा यांशिवाय सूप होत नाही, असा रुग्णालयातील आहारतक्ता हाती पडला तर आहारतज्ज्ञाला कंदमूळवर्ज्य तक्ता मागावा. तो सहज मिळतो. डब्यातील प्रथिनांची पावडर घेताना हिरवा ठिपका पाहावा.

खरा प्रश्न रात्रीचा येतो. थोडे-थोडे दिवसातून सात-आठ वेळा घ्यायचे आणि सूर्यास्तानंतर काही घ्यायचे नाही, हे दोन्ही पाळताना दिवस अपुरा पडतो. औषधांच्या वेळाही रात्री येतात. येथे रुग्णाने एकट्याने मनाशी झगडू नये. पच्चक्खाणात आगार, म्हणजे सवलती, शास्त्रकारांनीच ठेवलेल्या आहेत आणि आजारपणात समाधी टिकावी म्हणून औषध घेणे त्यांत बसते. शस्त्रक्रियेपूर्वीच साधू-साध्वीजी महाराजांना वंदन करून परिस्थिती सांगावी व त्यांच्या मार्गदर्शनाने नियम ठरवावा. नियम न सांगता मोडणे आणि नियमासाठी हाड कच्चे ठेवणे, दोन्ही टाळता येते. पर्युषण, आयंबिल ओळी किंवा वर्षीतप मनात असेल तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना तेही डॉक्टरांना सांगावे. त्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने तपश्चर्येचे नव्हेत.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आणखी काही प्रश्न आधी विचारावेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते; तेच औषध गोळी किंवा पातळ स्वरूपात मिळेल का? टाक्यांसाठी प्राणिज कॅटगटऐवजी कृत्रिम धागा वापरणार ना? हाडात पोकळी भरायची वेळ आली तर बाजारात मिळणारा प्राण्यांच्या हाडाचा पदार्थ न वापरता स्वतःच्या कमरेचे हाड किंवा कृत्रिम पदार्थ चालेल का? डॉक्टर अशा प्रश्नांना हसत नाहीत. फक्त ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर न विचारता आठवडाभर आधी विचारावेत.

चेहरा परत देणारे हात

चेहरा दुरुस्त करण्याची विद्या आपल्या मातीला परकी नाही. सुश्रुतसंहितेत नाक आणि कान पुन्हा घडवण्याचे वर्णन आहे. महाराष्ट्रातील प्रसंग तर जगप्रसिद्ध आहे. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रज सैन्याबरोबर होता. 1792 च्या सुमारास टिपूच्या सैन्याने त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक घडवून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजीच्या चित्रासह तो वृत्तांत छापून आला आणि तेथून युरोपातील आधुनिक नासिकाशल्याला चालना मिळाली.

आपल्या समाजाचाही यात वाटा आहे. महाराष्ट्रात वाढून अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित (1930–2011) दरवर्षी भारतात येऊन दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरील व्रण यांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. अपघाताने त्यांच्या शरीराच्या एका बाजूला पक्षाघात झाला होता, कर्करोगामुळे स्वरयंत्र गमवावे लागले होते. तरीही चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी हजारो चेहरे दुरुस्त केले. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शांतिलालजी मुथा यांनी 1985 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे महाराष्ट्रात गावोगावी भरवली. रुग्ण शोधणे, त्यांची राहण्या-जेवणाची सोय, रुग्णालय आणि औषधे हा भार कार्यकर्त्यांनी उचलला. येणाऱ्याची जात वा धर्म विचारला गेला नाही.

या शिबिरांचा आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा जवळचा संबंध आहे. दुभंगलेले ओठ-टाळू घेऊन जन्मलेल्या बाळाची टाळू शिवली की तेथील व्रणामुळे वरच्या जबड्याची वाढ पुढे खुंटू शकते. अशा काही मुलांना सतरा-अठराव्या वर्षी वरचा जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया लागते. ओठ शिवून झाला म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्या गरीब पालकांना हा दुसरा टप्पा माहीतच नसतो. आपल्या लूमवर, गोदामात काम करणाऱ्यांच्या घरी असे मूल असेल तर त्याला योग्य ठिकाणी पोहोचवणे, ही वाढदिवसाच्या जेवणावळीपेक्षा मोठी जीवदया ठरेल.

रूप, नामकर्म आणि आपला विवेक

काही ज्येष्ठ विचारतात, 'रूप हे नामकर्माचे फळ. मग ते बदलायचे कशाला?' जैन कर्मसिद्धांताने शरीराच्या घडणीचा किती बारीक विचार केला आहे, हे पाहून खरोखर थक्क व्हायला होते. समचतुरस्र ते हुंडक अशी आकाराची सहा संस्थाने सांगितली आहेत आणि हाडांच्या सांध्यांच्या बळकटीनुसार वज्रऋषभनाराचापासून सहा संहनने. एवढेच नव्हे, तर कोणतेही उपकार न करता एखादा माणूस सर्वांना प्रिय का वाटतो आणि दुसरा का वाटत नाही, यालाही सुभग आणि दुर्भग नामकर्म अशी नावे आहेत. पण याच सिद्धांतात पुरुषार्थालाही स्थान आहे. मोतीबिंदू काढणारा श्रावक कर्माशी बंड करीत नाही. मग नीट चावता यावे, श्वास मोकळा व्हावा यासाठी जबडा सरळ करणाऱ्याला वेगळा न्याय का?

मात्र रूपाचा अभिमान आणि रूपाची लाज या दोन्हींपासून आपले कथासाहित्य सावध करते. सनत्कुमार चक्रवर्तीचे रूप पाहायला देव आले. त्याला त्या रूपाचा गर्व झाला आणि काही घटकांतच देह रोगांनी ग्रासला. ते कळताच त्याने दीक्षा घेतली. दुसरीकडे उत्तराध्ययन सूत्रातील हरिकेशी मुनी : कुरूप, चांडाल कुळात जन्मलेले. यज्ञमंडपात ज्यांनी त्यांची हेटाळणी केली, त्यांनाच शेवटी त्यांची क्षमा मागावी लागली. उपचार करावा, पण माणसाची किंमत त्याच्या हनुवटीवरून ठरवू नये, एवढे या दोन कथांतून घेतले तरी पुरे.

निर्णय कोणाचा?

म्हणून खरा प्रश्न येतो : ही शस्त्रक्रिया कोणासाठी? 'स्थळे परत जात आहेत, करून टाकू' हे उत्तर अपुरे आहे. लग्नाच्या मोसमापूर्वी चेहरा 'तयार' करण्याची घाई या उपचाराला मानवत नाही. तारा, सूज आणि बधिरपणा मुहूर्त पाहत नाहीत. साखरपुडा ठरवून मग शस्त्रक्रियेची तारीख काढणे तर टाळावेच. जिला किंवा ज्याला ऑपरेशन टेबलावर जायचे आहे, त्या मुलीने वा मुलाने डॉक्टरांशी एकट्याने बोलावे, प्रश्न विचारावेत आणि 'नको' म्हणण्याचीही मुभा असावी. मुलाच्या जबड्याविषयी घर बरेचदा गप्प बसते आणि मुलीच्या जबड्याविषयी सारे नातेवाईक बोलतात, हेही आपण मनाशी कबूल केले पाहिजे. चेहरा सुंदर असूनही जिला तो सतत कुरूप वाटतो, तिला शल्यचिकित्सकाआधी मनोविकारतज्ज्ञाची गरज असू शकते. चांगला सर्जन ते स्वतःच सांगतो.

शस्त्रक्रिया झाल्यावर होणाऱ्या सासरी सांगावे की लपवावे? लपवून जोडलेल्या नात्यात जुना फोटो नेहमी भीती होऊन राहतो. टायटॅनियमच्या पट्ट्या संसाराला किंवा बाळंतपणाला अडथळा करीत नाहीत. जबड्याची ठेवण मात्र पुढच्या पिढीत उतरू शकते आणि तेव्हा त्या मुलांना वेळेवर दंततज्ज्ञाकडे नेणे सोपे जावे म्हणूनही मोकळेपणा बरा. चाळिशीत चष्मा लागला हे जितक्या सहजतेने सांगतो, तितक्याच सहजतेने हे सांगता यावे.

भिवंडीकरांसाठी सोयीचे एक-दोन शब्द. कल्याण किंवा ठाण्याहून लोकल धरली की मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलजवळ महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय. दोन्ही ठिकाणी ऑर्थोडॉन्टिक आणि मुखशल्य असे दोन्ही विभाग एकाच छताखाली आहेत व खर्च खासगी रुग्णालयाच्या तुलनेत पुष्कळ कमी येतो. खासगीत जायचे तर दोन्ही तज्ज्ञांनी तारा लावण्यापूर्वीच एकत्र बसून आराखडा केला आहे ना, हे पाहावे. तारा आधी लावून घेऊन मग सर्जन शोधणे म्हणजे माल भरून झाल्यावर भाव विचारणे. आरोग्यविम्यात सौंदर्योपचार बहुधा वगळलेले असतात. म्हणून चावणे, श्वास व सांधा यांचे त्रास डॉक्टरांच्या अहवालात नोंदवून विमा कंपनीची पूर्वसंमती लेखी घ्यावी. आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात संकोच करू नये.

शेवटी पुन्हा त्या स्टुडिओकडे जाऊ. शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, मुलगी कॅमेऱ्यासमोर बसली की तिच्या मागे उभ्या असलेल्या आईने, आत्याने, काकांनी एवढेच पाहावे की तिला तोंड मिटायला कोणी सांगत नाही. मनमोकळे हसताना जसा येईल तसा फोटो बायोडेटावर लावावा. तो पाहून जे घर होकार देईल, त्या घरी तिला पुढेही मोकळेपणाने हसता येईल.